अंगठ्याचे हाड आणि सहा आठवडे

मैत्रिणींनो, घरात सगळ्यांत जास्त राबतात ते पाय, आणि सगळ्यांत शेवटी आठवण येते तीही त्यांचीच! पुष्कळ जणींच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येते, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो, चप्पल तिथेच घासते आणि जोडवी रुततात. डॉक्टर याला 'बनियन' म्हणतात. अंगातल्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही, बरं का!

हे नवे हाड उगवलेले नसते. अंगठ्यामागचे लांब हाड आतल्या बाजूला सरकते, अंगठा उलट दिशेला झुकतो आणि सांधा वर दिसू लागतो. हा दोष बऱ्याचदा आईकडून लेकीकडे येतो. चिंचोळ्या चपला-बूट त्यात भर घालतात. हाँगकाँगमधल्या १९५८ सालच्या एका पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी शेकडा ३३ जणांना हा त्रास होता, अनवाणी राहणाऱ्यांत शेकडा दोनही नव्हते. म्हणून शहापूर-मुरबाडच्या काट्याकुट्यांत, विंचवा-सापांत अनवाणी फिरू नका हो! चप्पल तेवढी पुढे रुंद घ्या.

मलमाने, रबराच्या गादीने दुखणे कमी होईल. अंगठा सरळ होणार नाही. पण नुसता वाईट दिसतो म्हणून ऑपरेशन करू नये. चप्पल बदलूनही चालणे कठीण झाले, तरच. आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पाय दाखवा. पुढे ठाण्या-मुंबईच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा एक्स-रे उभे राहून काढायचा का, ते विचारा. ऑपरेशनात बहुधा हाड कापून सरळ करतात आणि स्क्रूने बसवतात. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. मिश्री, तंबाखू सोडा. त्याने हाड उशिरा जुळते. जोडवी काढावी लागतील. सूज उतरली की पुन्हा घाला. सौभाग्य काही त्याने उणे होत नाही.

खरी परीक्षा नंतरची. साधारण सहा आठवडे खास बूट, पाय उंचावर. ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे नाही, उकिडवे बसणे नाही. संडासासाठी खुर्ची आधीच आणून ठेवा. सूज तर काही महिने राहते. ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

म्हणून लावणी-कापणी, लग्नसराई टाळून दिवस धरा. आणि त्याआधी घरच्यांना समोर बसवून विचारा: पाणी कोण भरणार? भाकऱ्या कोण थापणार? उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.