रक्ताचे आकडे आणि खाटेवरचा माणूस

९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात हलवण्यात आले. पुढच्या दीड-दोन वर्षांत घराघरांत नवे शब्द रुळले: सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन. मुलांचे दहावीचे गुण सांगावेत तसे लोक हे आकडे फोनवरून एकमेकांना कळवू लागले. रुग्णाला भेटण्याची सोय नव्हती. हाती होता तो रिपोर्टचा कागद. साथ ओसरली, पण सवय राहिली. आजही अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टर दिसताच विचारतात, "रिपोर्ट काय आला?"

प्रश्न गैर नाही. रक्त पुष्कळ सांगते. लॅक्टेट वाढले की पेशींना प्राणवायू कमी पडत असल्याची शंका येते. क्रिएटिनिन मूत्रपिंडांची, बिलिरुबिन यकृताची खबर देते. अत्यवस्थ रुग्णांसाठी १९९६ साली मांडलेल्या 'सोफा' या गुणपद्धतीत शरीराच्या सहा संस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया या चारांचे गुण मुख्यत: रक्ततपासणीवरून ठरतात. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा.

पण बँकेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. एका दिवसाच्या शिल्लकेवरून खातेदाराची ऐपत कळत नाही. मार्चअखेरीस तर शिल्लक हमखास फुगलेली! त्यासाठी खातेउतारा पाहावा लागतो. रक्ताचेही तसेच. १.८ क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाचा नेहमीचा आकडा असू शकतो, काल ०.९ असलेल्या तरुणाच्या बाबतीत मात्र ती धोक्याची घंटा. शिवाय काही आकडे उशिरा बोलतात. मूत्रपिंडाला इजा आज झाली तरी क्रिएटिनिन चढायला एखादा दिवस जातो. काही आकडे चकवतात. दम्याच्या रुग्णाला दिलेल्या साल्ब्युटामॉलच्या वाफेनेही लॅक्टेट वाढू शकते.

मग प्रकृती ढासळते आहे हे आधी कशावरून ओळखायचे? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली वॉर्डांसाठी एक तक्ता तयार केला. त्यात श्वासाचा वेग, प्राणवायूची पातळी, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप एवढेच पाहतात. रक्ताची एकही तपासणी नाही! गुण वाढले की डॉक्टरांना बोलावायचे. रक्त पाठवायचे की नाही ते त्यानंतर. आपल्याकडेही करोनाची तीव्रता ठरवण्याचे सरकारी निकष श्वासाचा वेग आणि प्राणवायू हेच होते. मे २०२१ मध्ये 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करू नका, असे जाहीरपणे सांगितले होते.

तरीही श्वास मोजण्याचे काम मागे पडते. रक्ताचा नमुना पहाटे न चुकता जातो. पण रात्री दोन वाजता मिनिटाला किती श्वास चालले आहेत हे मोजायला सिस्टर मोकळी हवी. तिच्याकडे खाटा किती, यावर ते अवलंबून. बिलात तपासण्यांची ओळ असते. श्वास मोजल्याची ओळ नसते. म्हणून रुग्णालय निवडताना यंत्रसामग्रीची चौकशी करतो तशी आपण रात्रपाळीच्या परिचारिकांचीही करायला हवी. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ही संख्या वॉर्डाच्या दारावर लावावी.

आणि डॉक्टर भेटले की रिपोर्टच्या प्रश्नाला आणखी तीन जोडावेत: कालचा आकडा काय होता? श्वास मिनिटाला किती आहेत? या रिपोर्टमुळे उपचारांत काय बदलणार? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.