संसारांतील सोयी : तारेचा वांटा कोणास?

गेल्या वैशाखांत जळगांवच्या आमच्या जुन्या घरांत एक लहानसा पेंच उत्पन्न झाला. राऊटर ओसरीवर, वायफायच्या लहरी मातीच्या जाड भिंतींतून माजघरापर्यंत कशाबशा पोहोंचत, आणि पाठीमागच्या खोलींत सूनबाईंचें घरबसल्या चालणारें कचेरीचें काम ऐन बैठकींत बंद पडे. तार ओढावयाचें ठरलें. परंतु राऊटरवर पोर्ट एकच मोकळें. दादांचें म्हणणें, तें दिवाणखान्यांतील टेलिव्हिजनास द्यावें.

यावर उपाय इथरनेट स्विचचा. हा स्विच म्हणजे दिव्याचें बटण नव्हे. एका तारेच्या अनेक शाखा करणारी ती पेटी होय. पूर्वीचा हब आलेला निरोप सर्वच दारांवर ओरडून सांगे. स्विच कोणत्या पोर्टवर कोणतें यंत्र आहे हें लक्षांत ठेवतो व ज्याचा निरोप त्यासच देतो. वाचकांस कौतुक वाटेल कीं, असा पहिला स्विच १९९० सालीं बाजारांत आणणाऱ्या अमेरिकेंतील कंपनीचें नांव 'कल्पना' असें होतें. तिच्या संस्थापकांपैकीं एक विनोद भारद्वाज. त्या पेटीस ७ पोर्टें होतीं.

खरेदीपूर्वीं कागदावर मोजणी करावी. ५ पोर्टांच्या पेटींतील एक राऊटरकडे जातें. हातीं चारच राहतात. सूनबाईंचें काम, मुलांचा अभ्यास, टेलिव्हिजन व माडीवरील वायफाय एवढ्यांतच आमचीं चार संपलीं. म्हणून ८ पोर्टांची पेटी मागविली. ती 'गिगाबिट'च असावी. १०० मेगाबिटांची स्वस्त पडते. पण इंटरनेटची जोडणी त्याहून वेगवान असल्यास तिच्यासाठीं भरलेले जादा पैसे वायां जातात. केबल निव्वळ तांब्याची असावी व एका ओढीची लांबी १०० मीटरांहून अधिक नसावी. तारेवाटेंच वीज पुरविणारा 'पीओई' प्रकार कॅमेरे वगैरे लावावयाचे असल्यासच घ्यावा.

खानदेशांत एक काळजी अधिक. घरगुती स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठीं बनविलेला असतो. जळगांव-धुळ्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. म्हणून तो पत्र्याखालील माळ्यावर किंवा बंद कपाटांत न ठेवतां गार भिंतीवर मोकळ्या हवेंत लावावा. राऊटर व स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे. एकच घेतल्यास वीज जातांच काम थांबतें.

आमच्या हातून एक चूक झालीच. केबलचें लोंबतें टोंक वाईट दिसतें म्हणून आम्हीं तें स्विचमध्यें खोंचलें. दुसरें टोंकही तेथेंच होतें! निरोप त्याच फेऱ्यांत फिरत राहिले आणि सर्व घराचें इंटरनेट ठप्प झालें. धुळ्याच्या भाच्यानें फोनवरून विचारलें, "मामा, एकच केबल दोन्हीकडून लावली नाहीं ना?" तेव्हांपासून प्रत्येक टोंकास चिठ्ठी बांधली आहे.

पेटी येण्यापूर्वीं मात्र चार दिवस तें एकच पोर्ट कोणास, हा प्रश्न होताच. आम्हीं तें सूनबाईंस दिलें. ज्याचें काम अडतें त्यास आधीं, ही रीत आपण पाण्याच्या बाबतींत पाळतों. तारेच्या बाबतींत कां पाळूं नये? दादा दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं मात्र खोलीच्या दाराशीं स्वतःच बसून, "आंत काम चाललें आहे," असें म्हणून ते मुलांस गप्प करूं लागले.