गाण्यापायी भाषा शिकली तर बिघडलं काय?

कॉलेजातली मुलगी जर्मन शिकली की आपण तिला हुशार म्हणतो. बीटीएसच्या गाण्यांपायी कोरियन शिकली की म्हणतो, वाया गेली. कारण उघड आहे : जर्मनमागे नोकरी दिसते. इंजिनिअरिंगला असताना मीही हाच हिशेब केला. जर्मनची परीक्षा पास झालो. आज एक वाक्य धड आठवत नाही. ही मुलगी मात्र हंगुल लिपीत 'क'ला एक रेघ वाढवली की 'ख' होतो हे पाहून हरखते, आपली वर्णमाला नव्याने न्याहाळते. गदगचे कन्नडभाषक भीमसेन जोशी मराठी अभंग गायले, तेव्हा 'यातून मिळणार काय?' असं आपण विचारलं नव्हतं. मग हिलाच का विचारतो?