थेंब थेट टाळूवर

लोणावळ्याच्या पावसाचं कौतुक सगळ्यांनी करून झालंय. भुशी डॅम, भाजलेलं कणीस, धुकं, कांदाभजी... आपल्या मराठी विभागात दरवर्षी निदान चार कविता तरी त्यावर असतातच. माझी तक्रार जरा वेगळी आहे. मागच्या जुलैत मेसमधून हॉस्टेलकडे पळत येताना एक थेंब डोक्याच्या मधोमध पडला आणि थेट टाळूला लागला. गारेगार! मध्ये अडवायला कुणी नव्हतंच. वयाच्या विसाव्या वर्षी मला कळलं की आपला नंबर लागला.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. त्या शाळेत सिस्टर दर सोमवारी आमचे केस कॉलरला टेकतात का ते बघायच्या. टेकले की घरी चिठ्ठी. आज ती चिठ्ठी मी फ्रेम करून लावली असती.)

केस गळायला लागले की माणूस आधी आरोपी शोधतो. आमच्या विंगमध्ये एकमताने ठरलेला आरोपी म्हणजे बोअरचं पाणी. त्याच्या खालोखाल हेल्मेट, मग मेसच्या भाजीतलं तेल, मग सबमिशनची जागरणं. मीही दोन महिने पिण्याच्या पाण्याने डोकं धुतलं. मग एकदा आरशापुढे उभं राहून साधा विचार केला. शॉवरचं पाणी काय फक्त कपाळावर आणि टाळूवरच पडतं? मागच्या बाजूलाही तेच पाणी, तेच हेल्मेट, तेच जागरण. तिथे मात्र जंगल शाबूत! कंट्रोल सॅम्पल आपल्याच डोक्याच्या मागे असताना आपण इंजिनिअरिंगची पोरं पाण्याच्या टाकीला शिव्या देतोय.

खरं कारण असं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या टाळूच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांचे केस दर फेरीला बारीक आणि आखूड उगवतात आणि शेवटी दिसेनासे होतात. मागच्या केसांना डीएचटीचा फारसा फरक पडत नाही. म्हणून तर ट्रान्सप्लांटमध्ये मागचे केस काढून पुढे लावतात आणि ते तिथेही टिकतात. हळवेपणा वारशाने येतो, आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून. त्यामुळे "मामाचं डोकं बघ, म्हणजे कळेल" हे अर्धंच खरं. माझ्या मामाचे केस झकास आहेत. बाबांचे नाहीत.

हे सगळं कळायच्या आधी मी एक तेल घेतलं होतं. नाव सांगत नाही. किंमतही सांगत नाही, कारण हा अंक घरी जातो आणि आईला ते पैसे ड्रॉइंगच्या सामानाचे म्हणून माहीत आहेत. सहा महिने चोळलं. उशीचे अभ्रे तेवढे पुष्ट झाले. नंतर वाचनात आलं की १९४५ च्या औषध नियमांत 'अनुसूची जे' नावाची एक यादी आहे. त्यातले रोग बरे करण्याचा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही, आणि त्यात कॅन्सर, मोतीबिंदू यांच्या पंक्तीला टक्कल आणि नवीन केस उगवणं चक्क नावानिशी आहे! म्हणजे आपल्याला फसवणार हे कायदा करणाऱ्यांना आपल्या जन्माआधीच माहीत होतं.

विंगमधला दुसरा पंथ नखं घासणाऱ्यांचा आणि शीर्षासनवाल्यांचा. मी त्यांना हसत नाही. पण योगाचं नाव घ्यायचं तर आपल्याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, आणि त्या माणसाने एक्स-रे काढून, नौली करताना पोटातला दाब यंत्राने मोजून मग लिहिलं. आधी मोजायचं, मग बोलायचं. आपण नखं घासतो आणि मोजत काहीच नाही.

तिसरा पंथ सगळ्यात महागडा. हप्त्यांवर ट्रान्सप्लांट! आमच्या ओळखीतल्या एकाने तर एज्युकेशन लोनमधून जमवता येईल का याची चौकशी करून ठेवली होती. त्याला मी दोनच बातम्या वाचून दाखवल्या. २०१६ साली चेन्नईत एमबीबीएसचा एक विद्यार्थी ट्रान्सप्लांटनंतर गेला. २०१९ साली मुंबईत एक व्यावसायिक गेले. सगळ्यांचं असं होत नाही, नीट हातांत ही शस्त्रक्रिया चांगली होते. पण २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट लिहावं लागलं की हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं. असं लिहावं लागतं याचाच अर्थ काय तो समजा. शिवाय विसाव्या वर्षी गळती चालूच असते. पुढे लावलेले राहतात आणि त्यांच्या मागचे जातात. मग डोक्यावर बेट तयार होतं.

शेवटी सप्टेंबरात लोकल पकडून तळेगावला एका स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून डोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बघ, गेलेले परत येतील असं मी सांगणार नाही. आहेत ते धरून ठेवू." एवढं सरळ वाक्य मला वर्षभरात कुणी ऐकवलं नव्हतं.

धरून ठेवायची औषधं मुख्यतः दोन, आणि दोन्ही आडवाटेने आलेली. मिनॉक्सिडिल मूळचं ब्लड प्रेशरचं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहिलं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला केसांसाठी मान्यता मिळाली. दुसरं फिनास्टेराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत जन्मतः डीएचटी फारच कमी तयार होतं असे पुरुष आढळले. त्यांना टक्कल पडत नव्हतं आणि प्रोस्टेट लहान होतं. त्यावर १९७४ साली संशोधन छापून आलं, १९९२ मध्ये प्रोस्टेटची गोळी आली, १९९७ मध्ये केसांची. पण ही गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेण्यातली नव्हे. काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि तिच्याबरोबर आत्महत्येचे विचार येऊ शकतात हे युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केलं. डॉक्टरबाईंनी हे सगळं सांगितलं आणि आम्ही सध्या फक्त मिनॉक्सिडिल ठरवलं. पहिले काही आठवडे केस जास्तच गळतात, तेव्हा घाबरून बंद करायचं नाही. फरक कळायला चार-सहा महिने. थांबवलं की कमावलेलं गेलं. (आणि मांजरांना ते विष आहे. बी विंगने आमच्या मनीला माझ्या उशीवर झोपू देऊ नये, ही जाहीर विनंती.)

दरवेळी कारण हेच असतं असंही नाही. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात आले. पोरी, म्हातारे, सगळेच. तिथेही पहिला संशय पाण्यावर! महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावर प्राझोसिन वापरणारे तेच, तेही मुळात ब्लड प्रेशरचंच औषध) यांनी तपासण्या केल्या आणि गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणून म्हणतो, आधी कुणाला तरी नीट पाहू द्या. चाई वेगळी, टायफॉइडनंतरची गळती वेगळी, आपलं वेगळं.

आता मुद्द्याचं. माझा रूम पार्टनर (त्याचंही कपाळ रुंदावतंय) रोज रात्री मोबाइलवर नव्या औषधांच्या बातम्या वाचतो. क्लॅस्कोटेरोन, जे २०२० पासून अमेरिकेत मुरुमांसाठी आहे आणि आता टाळूवर लावून पाहतायत. पीपी-४०५, जे झोपलेल्या मुळांना जागं करेल अशी आशा आहे. मीही वाचतो, आणि मलाही आशा आहे. पण तो म्हणतो, "पाच वर्षांत भारी इलाज येणार, तोवर कशाला डॉक्टर?" आणि तोवर तो टोपी घालून बसतो, गॅदरिंगला येत नाही, ग्रुप फोटोच्या दिवशी गावी जातो. याचाच मला राग येतो. उद्याच्या औषधाला जागं करायला मुळं तरी शिल्लक हवीत ना! मुळं मेल्यावर काय जागं करणार?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तळेगावच्या प्लॅटफॉर्मवरून बाबांना फोन केला, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला विचारायचंस ना रे." दिवाळीत घरी गेलो तर त्यांनी कपाटातून एक कात्रण काढलं. १९९८ सालचं. अमेरिकेत टक्कलावर गोळी आल्याची बातमी. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. "म्हटलं महाग असेल, थोडं थांबू. याच्याहून चांगलं येईलच." मग थांबले. लग्नाच्या अल्बममध्ये फेटा, माझ्या बारशाला टोपी, गोव्याला टोपी, दादाच्या मुंजीतही टोपी. सत्तावीस वर्षं!

आपल्या फिशपाँडबद्दल थोडं. यंदा माझ्या डोक्यावर तीन होते. 'हेलिपॅड'वाला चांगला होता, मीही हसलो. पण फर्स्ट इयरचा एक मुलगा वर्गात टोपी घालतो, त्याला व्हायव्हाला सगळ्यांसमोर ती काढायला लावली. तो परत त्या प्रॅक्टिकलला आला नाही. सरांनो, मॅडम, शिस्त मान्य आहे. त्याला केबिनमध्ये बोलावून सांगता आलं असतं.

माझा सहा महिन्यांचा हिशेब असा : दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच अंतरावरून एक फोटो. गळती कमी झालीय. टाळूवर थोडी लव आहे. कपाळ आहे तिथेच आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर मी मार्चमधलाच फोटो लावला.

आमची कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. माझं जावळ तिथेच झालं, आणि त्या दिवसाच्या फोटोत बाबा चक्क उघड्या डोक्याने आहेत, मांडीवर गुळगुळीत मी. दोघांची डोकी सारखी चमकतायत. या चैत्रात बाबा आले होते, मळवलीहून आम्ही दोघं चालत वर गेलो. पायऱ्या चढताना त्यांची टोपी घामाने भिजली. ती पिळून त्यांनी खिशात घातली आणि म्हणाले, "काढ आता एक फोटो."