आधी कारण, मग निवारण

'पोस्टिंग' हा शब्द बँकेच्या कामकाजात फार जुना आहे. रोजकीर्दीतील नोंद खातेवहीत घेणे, म्हणजेच खतावणी करणे, या अर्थाने तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. टपाल खात्याने त्याला पत्राचे रूप दिले, तर गेल्या दोन दशकांत फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या समाजमाध्यमांनी त्याला तिसराच अर्थ बहाल केला. अर्थ बदलले तरी गाभा एकच राहिला. नोंद योग्य खात्यावर, योग्य रूपात आणि योग्य वेळी पोहोचली पाहिजे. ती पोहोचली नाही, तर का पोहोचली नाही याचा शोध घेतला पाहिजे. पहिल्या दोन क्षेत्रांत ही शिस्त अंगवळणी पडली. तिसऱ्या क्षेत्रात मात्र तिचा अद्याप अभाव आहे, आणि त्याची किंमत छोट्या व्यावसायिकाला मोजावी लागत आहे.

जबलपूरच्या पश्चिमेस वसलेल्या गढा या प्राचीन वस्तीचे उदाहरण घ्यावे. गोंड राज्याची ही एके काळची राजधानी. मदनमहालाचा किल्ला आणि संग्रामसागर तलाव आजही त्या वैभवाची साक्ष देतात. राणी दुर्गावतीने १५६४ मध्ये मोगल सैन्याशी झुंजताना प्राणार्पण केले, ते याच राज्याच्या रक्षणासाठी. पुढे हा मुलूख मराठ्यांच्या आणि नंतर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपुरात एकमेकांस मिळाले. १९४२ पासून याच शहरात दूरसंचाराचे प्रशिक्षण दिले जाऊ लागले. संदेश पोहोचविण्याच्या विद्येशी या शहराचे नाते असे जुने आहे.

त्याच गढ्यातील एखादी गृहिणी दिवाळीसाठी चकली-अनारशांची मागणी घेत असेल, एखादा कापड दुकानदार सलवार-सूटचे नवे नमुने मांडत असेल, एखादा कारागीर भेडाघाटच्या संगमरवरी वस्तू विकत असेल. या साऱ्यांची जाहिरात आता वर्तमानपत्रात नव्हे, तर मोबाइलच्या पडद्यावर होते. सणाच्या चार दिवस आधी टाकलेला मजकूर ग्राहकांपर्यंत गेलाच नाही, तर तो सण हातचा जातो. घेतलेल्या मालाचे पैसे अडकतात आणि बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावरील व्याज मात्र थांबत नाही. म्हणून 'पोस्ट गेली नाही' ही तक्रार वरवर क्षुल्लक भासली, तरी तिचा शेवट ताळेबंदात दिसतो.

टपाल आणि धनादेशाचा धडा

पूर्वी न पोहोचलेले पत्र परत येई तेव्हा त्यावर कारण लिहिलेले असे. 'पत्ता अपुरा', 'घर सोडून गेले', 'घेण्यास नकार'. पाठवणाऱ्याला त्या दोन-तीन शब्दांतून पुढची दिशा मिळे. ज्या पत्रांवर पाठवणाऱ्याचाही पत्ता नसे, त्यांच्यासाठी टपाल खात्याने स्वतंत्र कार्यालय चालविले. बँकेत धनादेश न वटता परत आला, तर त्यासोबत कारणाचे ज्ञापन येते. खात्यात पुरेशी रक्कम नाही, सही जुळत नाही, अक्षरी व अंकी रक्कम भिन्न आहे, असे नेमके कारण त्यात नमूद असते. त्या कागदाचे मोल केवढे? पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली धनादेश देणाऱ्यास नोटीस पाठविण्याची तीस दिवसांची मुदत, धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून मोजली जाते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई द्यावी, असे ठरवून देण्यात आले. यूपीआय आणि अन्य व्यवहारांसाठीही मुदती घालून दिल्या गेल्या. तात्पर्य, अपयशालाही क्रमांक असतो, कारण असते, मुदत असते आणि उत्तरदायी असा कोणीतरी असतो.

समाजमाध्यमांवर मात्र बहुधा एवढेच वाक्य झळकते, 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा.' काय चुकले, कोणाचे चुकले, पुन्हा प्रयत्न केल्यास काय बदलणार, याचा पत्ता नसतो.

घाईचे दुष्परिणाम

मग माणूस तेच करतो. पुन्हा बटण दाबतो, आणखी दहा वेळा दाबतो. अनेकदा मजकूर पहिल्याच प्रयत्नात गेलेला असतो, फक्त त्याची पोच परत आलेली नसते. परिणामी तीच जाहिरात पाच वेळा झळकते आणि ग्राहक वैतागतो. एक्ससारखे माध्यम लागोपाठ आलेला तोच मजकूर नाकारते. थोड्या वेळात केलेल्या असंख्य प्रयत्नांना स्वयंचलित यंत्रणा उपद्रव समजते आणि खात्यावरच तात्पुरती बंधने येतात. मूळ आजार साधा आणि औषधाने रोगी खाटेवर, अशी अवस्था होते.

यूपीआयचा व्यवहार 'प्रलंबित' दिसत असताना पुन्हा पैसे पाठविणारा ग्राहक याच चुकीने दुप्पट रक्कम देऊन बसतो. यश आणि अपयश यांच्यामध्ये 'अनिश्चित' नावाची तिसरी स्थिती असते, हे ध्यानी घेणे दोन्हीकडे सारखेच अगत्याचे आहे. आधी दुसऱ्या मोबाइलवरून आपले पान उघडून पाहावे, मगच दुसरा प्रयत्न करावा.

तेरीज जुळविण्याची रीत

तेरीज जुळत नसेल तेव्हा जाणता लेखापाल सारी वही पुन्हा लिहीत नाही. तो आधी फरक पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर ४५ च्या जागी ५४ असे आकडे उलटले असावेत, असा तर्क करतो. फरकाची निम्मी रक्कम वहीत कोठे सापडते का, ते पाहतो. ती सापडली, तर नोंद नावेऐवजी जमेस गेली असण्याचा संभव असतो. दोष आकार सांगतो आणि आकारावरून जागा कळते. हीच रीत येथेही लागू पडते.

प्रथम पाहावे, दोष आपला आहे की यंत्रणेचा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे जगभर ठप्प झाली आणि सुमारे सहा तास बंद राहिली. कंपनीच्याच अंतर्गत जाळ्यातील देखभालीच्या वेळी दिलेली एक चुकीची आज्ञा त्यास कारणीभूत होती. त्या रात्री मोबाइल बंद-चालू करणाऱ्या, ॲप काढून पुन्हा घालणाऱ्या कोट्यवधी लोकांचे श्रम म्हणजे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असेच होते. शेजाऱ्याचाही मजकूर जात नसेल, तर स्वस्थ बसणे हाच उपाय.

यंत्रणा सुरळीत असेल, तर दुसरी कसोटी घ्यावी. छायाचित्र आणि दुवा काढून केवळ एक ओळ टाकून पाहावी. ती गेली, तर दोष मजकुरात आहे. गेली नाही, तर दोष खात्यात किंवा परवानगीत आहे. या एका कसोटीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

मजकुरातील दोषांत लांबी आणि आकार हे नेहमीचे. एक्सवर सर्वसाधारण खात्याला २८० वर्णांची मर्यादा आहे. येथे देवनागरी लिहिणाऱ्याची एक विशेष अडचण होते. 'श्री' हे अक्षर डोळ्यांना एक दिसते. यंत्र मात्र श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार वर्ण मोजते. जोडाक्षरे आणि मात्रांनी नटलेला मराठी मजकूर म्हणूनच अपेक्षेपेक्षा लवकर मर्यादा ओलांडतो. इन्स्टाग्रामवर मथळ्यासाठी २,२०० वर्णांची मर्यादा आहे. चित्र अतिलांब वा अतिरुंद असेल, किंवा न चालणाऱ्या प्रकारात साठविलेले असेल, तर नियोजनाच्या साधनामार्फत पाठविलेला मजकूर अडतो.

परवानगीचा दोष अधिक फसवा असतो. अनेक दुकानदार आठवड्याचे मजकूर एकदाच तयार करून ठरावीक वेळी आपोआप प्रसिद्ध होतील अशी सोय करतात. त्यासाठी बाहेरच्या साधनाला आपल्या खात्याचा परवाना दिलेला असतो. या परवान्याला मुदत असते. फेसबुकच्या बाबतीत ती बहुधा साठ दिवसांच्या आसपास असते. शिवाय संकेतशब्द बदलला की परवाना तत्काळ रद्द होऊ शकतो. मग सारे काही जिथल्या तिथे दिसते, पण मजकूर जात नाही. खाते पुन्हा जोडणे, एवढेच काम असते.

काही अपयश तर मूक असते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतील संदेश फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला आहे. पाठवणाऱ्याला संदेश गेल्यासारखा दिसतो आणि निम्म्या ग्राहकांना तो मिळालेलाच नसतो. यावर उपाय दुकानातच आहे. गिऱ्हाइकाला बिल देताना 'आमचा क्रमांक जतन करून ठेवा' असे सांगावे.

अनोळखी मदतनीस

खरा धोका याच्या पुढे आहे. गोंधळलेला माणूस इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतो, किंवा 'माझी पोस्ट जात नाही, पैसे अडकले आहेत' असे जाहीरपणे लिहितो. अशा हाकांची वाट पाहणारे भामटे असतात. कंपनीचे किंवा बँकेचे चिन्ह लावून ते उत्तर देतात, पडदा दाखविणारे ॲप घ्यायला लावतात, मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारतात. अडकलेली पोस्ट बाजूला राहते आणि खाते रिकामे होते. ज्या क्षणी मदतनीस ओटीपी किंवा पिन विचारतो, त्या क्षणी तो मदतनीस नाही हे निश्चित समजावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाची जी तत्त्वे घालून दिली, त्यांत ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसावे, असे स्पष्ट होते. म्हणून फसवणूक लक्षात येताच बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

दुकानाचे पान सांभाळणाऱ्या ओळखीच्या मुलाला संकेतशब्दच देऊन टाकणे, हीदेखील अशीच वाट. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली आपण देत नाही. फेसबुकच्या पानावर मालकी स्वतःकडे ठेवून दुसऱ्याला केवळ कामापुरता अधिकार देण्याची सोय आहे. ती वापरावी.

अपेक्षा आणि अधिकार

यावर कोणी म्हणेल, ही सेवा फुकट आहे, तिच्याकडून एवढ्या अपेक्षा कशाला? हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. वापरणारा पैसे देत नसला, तरी आपली माहिती आणि आपले लक्ष देत असतो. त्याच्याच बळावर या कंपन्यांचा जाहिरातींचा व्यवसाय उभा आहे. कायद्यानेही हे अंशतः मान्य केले आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मध्यस्थ कंपनीला तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. मोठ्या समाजमाध्यमांनी आपणहून मजकूर काढल्यास कारण कळवावे आणि वापरणाऱ्यास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असेही त्यांत म्हटले आहे. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत अपील करण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तीन तक्रार अपील समित्या स्थापन केल्या. हे अपील घरबसल्या करता येते. गढ्याच्या दुकानदाराला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

तथापि, ही तरतूद काढून टाकलेल्या मजकुरासाठी आहे. तांत्रिक कारणाने मुळात गेलाच नाही, अशा मजकुराचे कारण सांगण्याची सक्ती तीत नाही. ती असावयास हवी. धनादेशाच्या परतीचे कारण जसे ग्राहकाला कळते, तसे ते येथेही, ग्राहकाच्या भाषेत, मराठीत आणि हिंदीत, कळले पाहिजे. 'काहीतरी चुकले' हे कारण नव्हे. कोणत्याही शाखेतील लिपिकाने परतीच्या ज्ञापनावर असे लिहिले असते, तर त्याच दिवशी त्याच्याकडून खुलासा मागितला गेला असता.

तोपर्यंत दोन गोष्टी प्रत्येक व्यावसायिकाच्या हाती आहेत. पहिली, अपयशाची वही. कोणता मजकूर, कोणत्या दिवशी, कोणत्या संदेशासह अडकला, याची पडद्याच्या छायाचित्रासह नोंद ठेवावी. तिसऱ्या-चौथ्या नोंदीत दोषाचा आकार आपोआप दिसू लागतो, आणि तक्रार करावयाची वेळ आली तर हीच वही पुरावा ठरते. दुसरी, ग्राहकांची स्वतःची यादी. समाजमाध्यमावरील पान ही भाड्याची जागा आहे. जागामालक नियम बदलू शकतो, कुलूपही लावू शकतो. ग्राहकांची नावे आणि क्रमांक, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत असतील, तर एक पोस्ट अडली म्हणून दिवाळी अडत नाही.

तंत्रज्ञान नवे असले, तरी व्यवहाराची शिस्त जुनीच उपयोगी पडते. नोंद चुकली तर आधी कारण शोधावे, मग निवारण करावे, आणि चूक दुरुस्त झाल्याची खात्री करूनच वही मिटावी.