कच्चे लिंबू आणि गळाला लागलेला मासा

पेण/रोहा - गौरी-गणपतीच्या दिवसांत पेण-रोह्याकडच्या घरांमध्ये रात्रीची आरती आटोपली आणि भजनी मंडळी उठली, की सतरंजीवर पत्त्यांचा कॅट येतो. निमित्त जागरणाचे. आधी बदाम सात, मेंढीकोट आणि लहान मुले पेंगू लागली की तीन पत्ती. मुंबईहून आलेला चाकरमानी, हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामभर राबलेला कारागीर आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कामगार एकाच डावाला बसतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या पाचच दिवस आधी, २२ ऑगस्ट रोजी, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली होती आणि मोबाईलवरील रमी व पोकरचे मोठे फड उत्सवापूर्वीच उठले होते.

या बंदीवर झालेली चर्चा प्रामुख्याने महसूल, रोजगार आणि राज्यांचे अधिकार यांभोवती फिरली. कच्च्या खेळाडूशी पक्क्या खेळाडूने कसे वागावे, हा खेळाच्या गाभ्याचा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

पोकरच्या विद्येत या प्रश्नाचे उत्तर उघडपणे शिकवले जाते. तोडीस तोड खेळाडूंकडून पैसा सुटत नाही. नफा होतो तो चुका करणाऱ्याकडून. म्हणून आधी असा खेळाडू जिथे बसला आहे ते टेबल शोधावे. तो पाने टाकतच नसल्याने त्याला हूल देऊ नये, आपली पाने भारी असतील तेव्हाच मोठी रक्कम लावावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या चुकीवर हसू नये, त्याला शिकवू नये आणि नशिबाने त्याने डाव मारला तर त्याचे तोंडभरून कौतुक करावे. अशा खेळाडूला तिकडे 'मासा' म्हणतात. माशाच्या पेटीच्या काचेवर टकटक करू नये, तो बिचकतो, हा त्या मंडळींतला संकेत आहे.

सतरंजीवरचा व्यवहार नेमका उलटा. तिथे चुकलेल्याला सगळे मिळून फाडून खातात. 'अरे, राजावर कुणी चाल करतं का?' असे टोमणे बसतात, एखादे काका 'पुरे झालं, झोप जा' म्हणून दटावतात. हे असभ्य वाटते खरे, पण वाचवणारेही तेच असते. मुलांच्या खेळात कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, त्याचाच हा मोठेपणीचा अवतार. ज्याचे पैसे जिंकले त्याच्याच खांद्याला खांदा लावून विसर्जनाला जायचे असते. अर्थात, सतरंजीवर सारे साधुसंत बसतात असे नव्हे. हंगामाचा हिशेब खिशात असलेल्या पोराला 'बस की रे' म्हणणारे कोण असतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

तीन पत्तीत कच्चा खेळाडू कुठे बुडतो, हे गणिताने सांगता येते. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२ हजार १०० संच निघतात. त्यांपैकी १६ हजार ४४० संचांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन वेळा हाती काहीच नसते. ट्रेल तर सव्वाचारशे डावांत एकदा. जाणता खेळाडू अशा वेळी मुकाट्याने पॅक करतो. नवखा लाजेकाजेस्तव किंवा आधी गेलेले वसूल करायच्या हट्टाने चाल देत राहतो.

त्यात 'नाल' आली की चित्रच पालटते. समजा, पाच जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. तासाला वीस डाव, प्रत्येक डावात सरासरी दोनशे रुपये आणि अड्डेवाल्याची नाल शेकडा पाच. तासाला दोनशे रुपये उठतात. रात्री दहा ते पहाटे तीनपर्यंत एका माणसाचे हजार रुपये कोणीही न जिंकता टेबलावरून नाहीसे होतात. शेकडा पाच हा दर जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकणाऱ्याकडून तेवढाच भाग घ्यावा असे सांगितले आहे.

मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही पत्त्यांच्या अड्ड्याची ओळख पटवताना जागेचा मालक खेळातून नफा कमावतो काय, हा मुद्दा कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हाही क्लब त्यातून नफा कमावत असल्यास गुन्हा होऊ शकतो, असे बजावले होते. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच असल्याचे म्हटले, तर ऑनलाइन कंपन्या अखेरपर्यंत कौशल्याचा दाखला देत राहिल्या. या युक्तिवादाची दुसरी बाजू क्वचितच बोलली गेली. खेळात कौशल्य जितके अधिक, तितका कच्च्या खेळाडूचा पराभव अधिक निश्चित. निव्वळ नशिबाच्या खेळात निदान त्याची संधी इतरांइतकीच असते. पोकरमध्ये एखाद्या रात्री नशीब त्याला तारते, आणि त्या एका रात्रीच्या आठवणीवर तो पुढच्या दहा रात्री येत राहतो.

मोबाईलवर तर दटावणारे काकाही नव्हते. होता तो नव्या खेळाडूला स्वागताचा बोनस. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावतात, असा केंद्राचा अंदाज बंदीच्या वेळी पुढे आला.

नव्या कायद्यात असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परंतु परदेशातून चालणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांवर रोह्याच्या एखाद्या कामगाराने दिवाळीचा बोनस घालवला, तर ते पैसे कोणाकडे मागायचे? सतरंजीवर हरलेला निदान समोरच्याला नावाने ओळखतो.