डॅशबोर्डचं लाकूड जुनंच राहू द्या

इथे ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे बरेच. माझ्याकडे १९६४ची जॅग्वार मार्क टू आहे. कोव्हेंट्रीत १९५९ ते १९६७ या काळात बनलेल्या या गाडीच्या डॅशबोर्डवर अक्रोडाचं विनिअर असतं. उन्हाने त्यावरचं लॅकर पिवळं पडतं, तडकतं. मग लोक सरळ नवं विनिअर आणि आरशासारखी चकाकी मागतात. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा खराब झालेलं असतं ते फक्त लॅकर. खालचं लाकूड शाबूत असतं, आणि सगळ्या पट्ट्या रंग-रेषांनी एकमेकींना शोभतात. एक बदलली की ती उठून दिसते. ‘नवीन नाही का मिळत?’ पुण्याहून बाबा विचारतात. मिळतं की, पण ते या गाडीचं नसतं.

काम मात्र सबुरीचं. आधी बॅटरी सोडवायची, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावून फोटो काढायचा (आमच्या धंद्याची सवय!), मगच स्क्रू. रिमूव्हर लावून लॅकर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. घासायचं मशीन अजिबात नको: विनिअर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, क्षणात खालचं प्लायवूड दिसायला लागतं. बारीक पॉलिश पेपर, तोही हाताने, रेषांच्या दिशेने. मग वार्निशचे सात-आठ पातळ हात. शेवटचा हात दिल्यावर दोन-तीन आठवडे पट्ट्यांकडे फिरकायचंसुद्धा नाही; पॉलिश त्यानंतर.